डोंगरात पाऊस, धुकं आणि वीज: वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांमधली तक्रार एकच आहे: घरून निघताना हवा एक असते आणि वर पोहोचेपर्यंत दुसरीच होते. सह्याद्रीत हे होणारच. पण ते का होतं आणि त्या वेळी काय करायचं, हे आधी ठाऊक असेल तर बरेच अपघात टळतात. म्हणून काही उत्तरं लांबली तरी तशीच ठेवली आहेत.

शनिवारी रात्री मोबाइलवर ‘पावसाची शक्यता ४० टक्के’ दिसते. सकाळी पुण्यात चक्क ऊन असतं. ताम्हिणीकडे वळलो की धो-धो पाऊस. अंदाज चुकतो की आमचं वाचणं चुकतं? (एक वाचक, पुणे)

अंदाज बऱ्याचदा चुकलेला नसतो. तो तुम्ही जाणार त्या जागेचा नसतो, एवढंच. मोबाइलवरची बहुतेक अ‍ॅप्स जागतिक मॉडेलांचे आकडे दाखवतात. ही मॉडेलं जमिनीचे चौकोन पाडतात आणि एका चौकोनाची बाजू साधारण ९ ते २५ किलोमीटर असते. सह्याद्रीत तेवढ्या अंतरात कोकणातलं गाव, हजार-बाराशे मीटरचा कडा, घाटमाथा आणि पलीकडचं मावळ असं सगळं येऊन जातं. समुद्रावरून आलेली दमट हवा कड्याला आपटते, वर चढते, थंड होते आणि तिथेच रिकामी होते. मागे उतरणारी हवा कोरडी होत जाते. म्हणून पुण्यात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस, तर पन्नास-साठ किलोमीटरवरच्या ताम्हिणीत काही हजार. पुण्याचं आकाश बघून ताम्हिणीचा निर्णय घेता येत नाही.

त्याऐवजी हवामान खात्याचा जिल्हावार इशारा पाहा, आणि तो पाहताना ‘घाट विभाग’ किंवा ‘घाटमाथा’ असं वेगळं लिहिलेलं वाचा. पुणे, सातारा, नाशिक या जिल्ह्यांसाठी ते बहुधा वेगळं दिलेलं असतं. खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार पाऊस, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति जोरदार आणि त्याच्या वर अत्यंत जोरदार. पिवळा इशारा असेल तर ओढा न ओलांडता जाता येईल अशी रुंद, मळलेली वाट निवडा. नारिंगी असेल तर नाळ (कड्यातली उभी, अरुंद घळ), शिड्या, कातळातल्या पायऱ्या आणि ओढे असलेली कुठलीही वाट नको. लाल असेल तर घर सोडू नका. त्या दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेशही निघतात, तेही तपासा.

निघायच्या सकाळी आणखी दोन गोष्टी करा. एक, पुढच्या तीन तासांचा तात्काळ अंदाज आणि रडारचं चित्र बघा. दुसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात: मागच्या दोन दिवसांत तिथे किती पडला ते पाहा. जूनच्या पहिल्या पावसात तापलेली जमीन पाणी पिते. जुलैअखेर तीच जमीन तुडुंब भरलेली असते आणि वर पडलेला जवळजवळ प्रत्येक थेंब ओढ्यात उतरतो. पाऊस तेवढाच, पण ओढा दुप्पट. पायथ्याच्या गावात जिथे जेवणाची सोय करणार आहात, त्यांना फोन करून ‘ओढ्याला पाणी किती आहे, रंग कसा आहे’ एवढं विचारा. त्यासारखा खात्रीचा अंदाज दुसरा नाही.

मेमध्ये कळसूबाईला जायचं आहे. दुपारी वळवाचा पाऊस आला आणि आम्ही लोखंडी शिड्यांवर असलो तर? शिखरावरच्या देवळात थांबलं तर चालेल का? (एक वाचिका, ठाणे)

देवळात थांबून चालणार नाही. शिड्यांवर असण्याची वेळ येणार नाही असंच वेळापत्रक आखा.

वळवाचा दिवस साधारण ठरलेल्या क्रमाने जातो. सकाळी आकाश निरभ्र आणि उकाडा. अकरा-बाराच्या सुमारास कापसासारखे ढग दिसू लागतात. एक-दोन वाजेपर्यंत त्यांची उंची रुंदीपेक्षा जास्त होते आणि वरची कड फुलकोबीसारखी ठळक दिसते. त्यानंतर माथा पसरून लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट होतो. ऐरण दिसली की ढग पूर्ण तयार झालेला असतो. वळीव अनेकदा पूर्वेकडून येतो, त्यामुळे पश्चिमेकडे तोंड करून फोटो काढत बसणाऱ्यांना तो पाठीमागून गाठतो. गार वाऱ्याचा झोत अचानक आला तर पाऊस फार तर काही मिनिटांवर आहे असं समजा.

कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे आणि बारी गावातून साडेआठशे मीटरच्या आसपास चढाई आहे. मध्यम चालीच्या माणसाला वर जायला तीन ते साडेतीन तास लागतात. पहाटे साडेचारला टॉर्च लावून निघालात तर आठच्या सुमारास माथा गाठाल आणि अकरापर्यंत खाली बारीत पोहोचाल. मे असो की ऑक्टोबर, बाराच्या आत शिखर आणि शिड्या दोन्ही मागे पडलेल्या असाव्यात. साडेदहाला तुम्ही अजून अर्ध्या वाटेवर असाल आणि ढग उभे वाढताना दिसत असतील, तर तिथूनच परत फिरा.

वीज किती लांब आहे ते मोजता येतं. लखकन दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर तुम्ही धोक्याच्या टप्प्यात आहात. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं जाईपर्यंत पुन्हा धारेवर, म्हणजे डोंगराच्या अरुंद माथ्यावर, चढू नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेलं ‘दामिनी’ अ‍ॅप तुमच्याभोवतीच्या २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळातल्या विजा दाखवतं. ते मोबाइलवर असू द्या. मात्र त्याला रेंज लागते, म्हणून मोजणं यायलाच हवं.

शिडी किंवा रेलिंग वीज ‘ओढून घेतं’ असा समज आहे. खरा धोका वेगळा आहे. लोखंड वीज वाहून नेतं, त्यामुळे वर कुठे पडलेल्या विजेचा झटका खालच्या टोकाला हात लावलेल्या माणसालाही बसू शकतो. डोंगरात विजेने दगावणाऱ्यांपैकी अनेकांवर वीज थेट पडलेली नसते, ती जमिनीतून पसरते. याच कारणाने शिखरावरचं छोटं देऊळ, उथळ कपार, पत्र्याची टपरी आणि एकटं झाड या सगळ्या जागा टाळायच्या. उथळ कपारीत वीज छतावरून जमिनीकडे उडी मारते आणि मध्ये माणूस असतो.

गाठलंच विजेने, तर धार सोडून शक्य तितकं खाली या. एकत्र घोळका करू नका, एकमेकांत पंधरा-वीस मीटर अंतर ठेवा, म्हणजे एकाला झटका बसला तर बाकीचे मदतीला उरतात. उतरता येणंच शक्य नसेल तर सॅकवर उकिडवे बसा, पाय जुळवून, हात जमिनीला न टेकवता. दोन पायांत अंतर असलं की जमिनीतला प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. ही बैठक हा सुरक्षित उपाय नव्हे, दुसरं काहीच उरलं नाही तेव्हाचा आहे.

वीज लागलेल्या माणसाला हात लावायला घाबरू नका, त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. अनेकांना लागली असेल तर जो विव्हळतोय त्याच्याकडे नंतर जा, जो निपचित पडलाय त्याच्याकडे आधी. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब द्या. शिकलेला कोणी असेल तर ३० दाबांनंतर दोन श्वास. विजेने बंद पडलेलं हृदय अशा वेळी पुन्हा सुरू होण्याची शक्यता चांगली असते, म्हणून लवकर हार मानू नका.

हरिश्चंद्रगडावरून पाचनईकडे उतरताना सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा दुपारी मांडीपर्यंत आला होता. हातात हात घालून साखळी करून ओलांडला. हे बरोबर केलं का? (एक वाचक, संगमनेर)

पलीकडे पोहोचलात याचा आनंद आहे, पण मांडीभर वाहत्या पाण्यात शिरायला नको होतं. गुडघा ही शेवटची रेघ धरा, आणि पाणी वेगात असेल तर गुडघाही जास्त. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की पायावरचा जोर चौपट होतो. मांडीपर्यंत पाणी आलं की अंग अर्धवट तरंगू लागतं आणि तळव्याची पकड जाते.

ओढा एवढा झटकन का चढतो याचा हिशोब सोपा आहे. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा लाख लिटर पाणी. वरचं पठार दोन चौरस किलोमीटरचं धरा आणि तासाभरात पन्नास मिलिमीटर पडले असं समजा: दहा कोटी लिटर. खाली कातळ, मुरायला जागा नाही, उतार तीव्र. तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही वरच्या पठारावर पडलेला पाऊस लोंढा होऊन उतरतो. लोणावळ्यात ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं गेली. पाणी वाढतंय हे दिसलं तेव्हा ती प्रवाहाच्या मधोमध होती आणि काठापर्यंत यायला वेळच उरला नव्हता.

लोंढ्याच्या खुणा अशा: पाणी स्वच्छचं गढूळ होणं, काटक्या-पाला वाहत येणं, तळातून दगड घरंगळल्याचा घुमणारा आवाज. पाऊस चालू असताना ओढ्याचं पाणी अचानक कमी झालं, तर ते जास्त वाईट. वर कुठे तरी दरड किंवा झाडं अडकून बांध घातला गेलेला असू शकतो, आणि तो फुटला की सगळं पाणी एकदम येतं. तात्काळ उंचावर जा.

दिलाशाची गोष्ट अशी की सह्याद्रीतले ओढे जसे चढतात तसे उतरतातही. पाणलोट छोटा असल्यामुळे पाऊस थांबल्यावर दोन-चार तासांत फरक पडतो. म्हणून उंच जागी, प्रवाहापासून दूर थांबणं हाच पहिला उपाय. काठावर पाण्याच्या कडेला एक दगड खूण म्हणून ठेवा आणि दर पंधरा मिनिटांनी बघा. दगड उघडा पडत गेला तर पाणी उतरतंय. रात्र काढावी लागली तरी चालेल. पाचनईत फोन लागत असेल तर गावकऱ्यांना सांगा, त्यांना वरच्या अंगाचा उतार माहीत असतो.

गुडघ्याच्या खालीच पाणी असेल आणि ओलांडायचंच ठरलं, तर जागा रुंद आणि संथ निवडा, अरुंद आणि खोल नको. खालच्या बाजूला धबधबा किंवा कडा असेल तिथे अजिबात नाही. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर ती फेकता येईल. बूट काढू नका. काठी प्रवाहाच्या वरच्या अंगाला टेका, तोंड प्रवाहाकडे, एका वेळी एकच पाय. साखळी करायची तर हात धरून नव्हे. एकामागे एक, पुढच्याच्या सॅकचे पट्टे घट्ट धरून, सगळ्यात वजनदार माणूस वरच्या अंगाला. दोर कमरेला बांधून कोणालाही पाण्यात सोडू नका. पाय घसरला की दोर ताणला जातो आणि माणूस पाण्याखालीच धरला जातो.

माझे वडील ५८ वर्षांचे. राजगडावर पावसात तासभर थांबलो तर ते थरथरू लागले, बोलणंही जड झालं. कोणी तरी रम पाजायला सांगितली. योग्य काय होतं? (एक वाचक, भोर)

रम अजिबात नाही. दारूने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, क्षणभर ऊब वाटते आणि आतली उष्णता आणखी वेगाने बाहेर जाते.

वडिलांना जे झालं ते शरीराचं तापमान घसरणं होतं. त्याला बर्फ लागत नाही. माथ्यावर पंधरा-अठरा अंश, अंगावर भिजलेला सुती शर्ट आणि सतत वारा एवढं पुरतं. पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगाने उष्णता काढून घेतं. शिवाय दर हजार मीटरला सहा-साडेसहा अंश उतरतात. चढताना अंग गरम असतं म्हणून कळत नाही, थांबल्यावर कळतं.

खुणा क्रमाने येतात: थरथर, बोटांनी साधी चेन न लागणं, अडखळत चालणं, शब्द जड होणं. थरथर आपोआप थांबली आणि माणूस गप्प, झोपाळू झाला तर तो बरा होतोय असं समजू नका. ती धोक्याची पायरी आहे.

आधी वाऱ्यातून बाहेर काढा: गुहा, दरवाजाची देवडी, भिंतीचा आडोसा. ओले कपडे पूर्ण उतरवा, कोरडे घाला, डोक्याला टोपी. बसायला खाली मॅट किंवा रिकामी सॅक द्या, कारण थंड कातळ खालून उष्णता खेचत राहतो. वरून मोठी प्लॅस्टिकची पिशवी किंवा ताडपत्री गुंडाळा. नीट बोलत आणि गिळत असेल तर गोड गरम चहा, गूळ, चिक्की. हातपाय चोळू नका, शेकोटीजवळ एकदम नेऊ नका. गुंगी असेल तर तोंडाने काहीही देऊ नका आणि मदत मागवा.

सॅकमध्ये दुहेरी प्लॅस्टिकमध्ये बांधलेला कोरडा कपड्यांचा एक जोड असावा आणि तो फक्त थांबल्यावर अंगावर चढावा. आतला थर पॉलिएस्टर किंवा लोकरीचा हवा. धनगरांची घोंगडी पिढ्यानपिढ्या पावसात वापरली जाते, कारण लोकर भिजली तरी थोडी ऊब धरून ठेवते. सुती कपडा ते करू शकत नाही.

पोंचो घ्यावा की रेनकोट? छत्री चालेल का? (एक वाचिका, कोल्हापूर)

रुंद वाटेवर पोंचो चांगला, सॅकही झाकतो आणि आत हवा खेळते. पण धारेवर तो शिडासारखा फुगतो आणि शिड्यांवर उतरताना पाय कुठे ठेवताय ते झाकून टाकतो. तिथे जॅकेट घाला: शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेलं आणि काखेत चेन असलेलं. तरी चढावर घामाने आतून ओलं व्हायचंच. छत्री गावापर्यंत ठीक. धारेवर वारा ती उलटी करतो, आणि एक हात अडकून राहतो.

धुक्यात वाट चुकलो. ओढ्याच्या कडेने खाली गेलो की गाव लागतं असं ऐकलं होतं, पण पुढे सरळ कडाच आला. गावातले म्हणाले, चकवा लागला. (एक वाचक, जुन्नर)

‘ओढा धरला की गाव’ हा सल्ला सह्याद्रीत जिवावर बेततो. इथला डोंगर लाव्हाच्या थरांवर थर रचून झालेला आहे. बहुतेक थरांचा कठीण भाग उभा कडा होतो आणि मधला मऊ भाग पठार किंवा उतार. त्यामुळे ओढा पठारावर शांत वाहतो आणि पुढच्या थराला येताच धबधबा होऊन पडतो. धुक्यात तो आवाज येईपर्यंत तुम्ही शेवाळलेल्या निसरड्यावर असता.

चकवा म्हणतात त्यामागचं कारण असं: खूण दिसेनाशी झाली की माणूस सरळ चालतोय असं समजून वळत जातो आणि फिरून त्याच जागी येतो. त्यात भर म्हणून पठारांवर ढोरवाटा फार. मळलेली दिसते म्हणून ढोरवाट धरली तर ती पाणवठ्यावर किंवा कारवीच्या झुडपांत जाऊन विरते. माणसांच्या वाटेवर बुटांचे ठसे, रंगाचे बाण, रचलेले दगड आणि, वाईट असलं तरी, प्लॅस्टिक दिसतं. दहा मिनिटं यातलं काहीच दिसलं नाही तर थांबा.

मग सगळे एकत्र बसा. शेवटची खात्रीची खूण कुठे होती ते ठरवा आणि तिथपर्यंतच परत जा. एकाने खुणेपाशी उभं राहायचं, दुसऱ्याने हाकेच्या आणि नजरेच्या टप्प्यात वाट शोधायची. मोबाइलवर नकाशा घरूनच उतरवून ठेवलेला असेल तर जीपीएस रेंजशिवायही जागा दाखवतं, फक्त बॅटरी वाचवा आणि फोन विमान मोडवर ठेवा. पावसाळ्यातलं धुकं अनेकदा पडद्यासारखं सरकतं, अर्धा तास बसलात तर क्षणभर समोरची डोंगराची सोंड दिसून जाते. त्या क्षणी दिशा टिपून घ्या. कोकणकड्यासारख्या जागी कडा जवळ असेल तर समोरचं नीट दिसेपर्यंत पाऊलही टाकू नका.

शिटी प्रत्येकाच्या गळ्यात हवी. मिनिटात सहा शिट्या, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा, असा मदतीचा इशारा. ओरडून घसा बसतो, शिटी धुक्यातही लांब जाते.

मुलगा दर रविवारी डोंगरात जातो. संध्याकाळी फोन लागत नाही. केव्हा काळजी करावी आणि कोणाला सांगावं? (एक आई, नाशिक)

ही वेळ मुलाने निघण्याआधीच तुम्हाला लिहून दिली पाहिजे. शनिवारी रात्री त्याच्याकडून एका कागदावर एवढं घ्या: डोंगराचं नाव, चढायची आणि उतरायची वाट (दोन्ही वेगळ्या असतात, नुसतं ‘हरिहर’ पुरत नाही, निरगुडपाड्याकडून की हर्षेवाडीकडून ते हवं), सोबतच्यांची नावं आणि त्यांच्या घरचे फोन, गाडीचा नंबर, पायथ्याच्या गावातल्या ओळखीच्या घराचा फोन, आणि खाली उतरल्यावर फोन करायची वेळ.

त्या वेळेनंतर दोन तास थांबा. पावसाळ्यात चाल दीडपट लांबते आणि डोंगरात रेंज नसणं नेहमीचं आहे, त्यामुळे तेवढा उशीर साधा असू शकतो. आधी पायथ्याच्या घरी फोन करून गाडी उभी आहे का ते विचारा. गाडी निघून गेली असेल तर मंडळी रस्त्यात आहेत. गाडी तिथेच असेल आणि अंधार पडला असेल, तर वाट न बघता ११२ ला फोन करा, कागदावरची सगळी माहिती वाचून दाखवा आणि गावच्या पोलीस पाटलांनाही कळवा. गिर्यारोहकांची स्वयंसेवी बचाव पथकं, लोणावळ्याची शिवदुर्ग मित्रसारखी, वेगवेगळ्या भागांत आहेत. आपल्या भागातल्या पथकाचा नंबर आजच त्या कागदाच्या मागे लिहून ठेवा.

मुलालाही सांगा, अडकल्याचं कळताच, बॅटरी असताना, एक मजकूर पाठवून ठेवायचा: जागा, किती जण, कोणाला लागलंय, काय हवंय. बोलणं होत नाही अशा क्षीण रेंजमध्येही मजकूर निघून जातो.